रिकाम्या प्लॉटवरचा मांडव

पुंडलिकनगरातल्या गल्ल्यांचे नंबर गोजरबाई खरातांच्या कधी लक्षात राहिले नाहीत. पण कोणत्या घराखाली कोणती भाजी होती, ते त्या चुकत नसत. दाताच्या डॉक्टरांचं दुमजली घर आहे, तिथं बैठकीच्या खोलीत त्यांची गवार होती. त्याच्या पलीकडं ब्यूटी पार्लर आहे, तिथं भेंडीचे सहा वाफे. कोपऱ्यावरच्या तीन मजली इमारतीत आता गाड्या लावतात, तिथं एका उन्हाळ्यात इतकी काकडी लागली होती की खाऊन, वाटून, विकूनही उरली. त्या रस्त्यानं जाताना गोजरबाई हे कुणाला सांगायच्या नाहीत. घराकडं एकदा बघायच्या आणि पुढं व्हायच्या.

सत्त्याऐंशी साली त्या आणि त्यांचा नवरा कचरू सिल्लोडकडच्या आपल्या गावातून निघाले. पाऊस लागोपाठ हुलकावणी देत होता. स्वतःची जमीन नव्हतीच. दुसऱ्याच्या शेतात कामाला जायचं, तर शेतातच काम उरलं नव्हतं. पुंडलिकनगर तेव्हा पुरतं वसलेलं नव्हतं. ज्वारीच्या धसकटांत चुना लावलेले दगड पुरलेले होते आणि मधूनमधून एखादं अर्धवट घर उभं होतं. कचरूला अशाच एका घराच्या राखणीचं काम लागलं. प्लॉटच्या कोपऱ्यात पत्र्याची खोली, सिमेंटच्या गोण्यांवर नजर ठेवायची, सकाळ-संध्याकाळ नव्या भिंतींना पाणी मारायचं. घर पुरं झालं, मालकाची वास्तुशांत उरकली, की पत्रे उचलायचे आणि पुढच्या प्लॉटवर जायचं.

भाजीचं सुचलं ते त्या भिंतींवरून ओघळणाऱ्या पाण्यामुळं. गावाकडं प्यायला हंडाभर पाणी मिळत नव्हतं आणि इथं विटांवर मारलेलं पाणी पायथ्याशी वाहून चाललेलं गोजरबाईंना बघवेना. त्यांनी त्या ओलीत मूठभर गवार टोचली. दीड-दोन महिन्यांत शेंगा लागल्या. मालकीणबाई घर बघायला आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत गवार घालून दिली. बाई खूश झाल्या. घर बांधून झालं आणि गवारीवर फरशी बसली.

असे चार प्लॉट झाले. मुलगा सम्यक त्या पत्र्यांखालीच मोठा झाला. दोन हजार तीन साली पोटाच्या दुखण्यानं कचरू गेला आणि राखणीचं काम त्याच्याबरोबर गेलं. एकट्या बाईवर सिमेंट-सळई सोपवायला कुणी राजी होईना. सम्यक तेव्हा आयटीआयला होता. त्या वेळी दत्तोपंत नावाच्या गृहस्थांनी गोजरबाईंना बोलावून घेतलं.

दत्तोपंत रजिस्ट्री ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. उभ्या जन्मात त्यांनी दुसऱ्यांच्या घर-जमिनीचे कागद तपासले आणि स्वतःसाठी शेजारी-शेजारी दोन प्लॉट घेतले. एकावर राहतं घर होतं. दुसरा मुलासाठी, हिमांशूसाठी, ठेवलेला. हिमांशू पुण्यात स्थिरावला आणि तो प्लॉट तसाच राहिला. लोक तिथं कचरा टाकायचे, कुणी टेम्पो आणून लावायचं.

"तुम्ही तिथं राहा," दत्तोपंत म्हणाले. "खोली टाका, भाजी लावा. जागा मोकळी दिसू नये एवढंच माझं मागणं."

"कवापरेंत?" गोजरबाईंनी विचारलं.

"हिमांशू घर बांधेपर्यंत."

तो बांधणार नाही हे दोघांनाही लवकरच कळलं, पण त्याबद्दल कुणी बोललं नाही. गोजरबाई त्या प्लॉटवर बारा-तेरा वर्षं राहिल्या. एवढा काळ एका मातीत त्या कधीच राहिल्या नव्हत्या.

आपल्याकडचा उन्हाळा भाजीला सोसत नाही, असं लोक म्हणतात. गोजरबाईंना ते पटत नसे. ऊन भाजीला चालतं, झळ चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. महाशिवरात्र झाली की त्या दुधी-दोडक्याचं बी कोमट पाण्यात भिजवायच्या, ओल्या फडक्यात बांधून चुलीच्या उबेला ठेवायच्या आणि मोड दिसला की आळ्यात लावायच्या. प्रत्येक आळ्याच्या मधोमध एक मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं. त्याच्या बुडाला भोक, भोकात सुती चिंधीची वात. मडकं भरून झाकण ठेवलं की पाणी मुळाशी हळूहळू झिरपत राहायचं, उन्हाला त्यातलं काही मिळायचं नाही. रस्त्यावरच्या रसवंतीतून उसाची चिपाडं डोक्यावर आणायची आणि मातीवर अंथरायची. पश्चिमेच्या बाजूला जुन्या साड्या ताणून बांधायच्या, म्हणजे दुपारची झळ त्यांनाच आधी लागायची. बांबू-तारांचा मांडव एप्रिलात वेलांनी भरून जाई. बाहेर अंग भाजून निघे. मांडवाखाली मात्र उष्ण, दमट हवा असे, धुतलेल्या कपड्यांच्या ढिगात तोंड घातल्यासारखी. गोजरबाई दुपारी तिथंच बसायच्या. घाम निघायचा, पण त्यांना ते बरं वाटायचं.

दत्तोपंतांच्या पत्नी अंबिकाबाई होत्या तोवर सकाळचा चहा कंपाउंडच्या भिंतीवर यायचा. त्याचा कप वेगळा होता, कडेला टवका उडालेला. तो कप कधी आत जात नसे, भिंतीवरच विसळून पालथा घातलेला असे. काही दिवसांनी गोजरबाईंनी चहा सोडल्याचं सांगितलं आणि भाजी मात्र देत राहिल्या. अंबिकाबाई दोन हजार अकरा साली वारल्या. तेराव्यानंतर दत्तोपंत एका सकाळी स्वतः चहा करून भिंतीशी आले. हातात एकसारखे दोन स्टीलचे पेले होते. कोणता कप कुणाचा, हे त्यांना कधी ठाऊकच नव्हतं. गोजरबाईंनी पेला घेतला. चहात साखर इतकी होती की घशाखाली जाईना. त्या दिवसापासून त्यांचा चहा पुन्हा सुरू झाला.

पुढच्याच वर्षी पाऊस रुसला. बोअरला नुसती हवा येऊ लागली आणि नळाचं पाणी दिवसाआडवरून तिसऱ्या, मग चौथ्या दिवसावर गेलं. गोजरबाईंनी अर्धी आळी मोडायला काढली तेव्हा दत्तोपंतांनी भिंतीवरून विचारलं, "का मोडताय?"

"पाणी नाय, साहेब. माणसाला नाय तर वेलाला कुठून आणू?"

दत्तोपंतांनी विचार केला आणि दोन दिवसांनी प्लंबर बोलावला. न्हाणीचं पाणी गटारात जात होतं, ते भिंतीखालून पाइप टाकून प्लॉटवर वळवलं. पाइपाच्या तोंडाशी गोजरबाईंनी खड्डा केला, विटांचे तुकडे आणि वाळू भरली, कडेला कर्दळ लावली. तिथून निवळून आलेलं पाणी घमेल्यानं मडक्यात भरायचं. पहिल्या आठवड्यात गवार पिवळी पडली.

"साहेब, साबण जरा कमी लावत जा," गोजरबाई म्हणाल्या. "गवारीला सोसत नाय."

दत्तोपंतांना साबणाबद्दल आजवर कुणी काही सांगितलं नव्हतं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डाळीच्या पिठानं अंघोळ सुरू केली. वॉशिंग मशीन बंद करून दोन धोतरं हातानं धुऊ लागले. तांदूळ धुतलेलं पाणी वेगळ्या भांड्यात भिंतीवर यायला लागलं. सकाळी साडेसातला न्हाणीत तांब्या वाजायचा आणि मिनिटाभरात पाइपातून पाणी यायचं. त्यांचा चेहरा दिसण्याआधी गोजरबाईंना त्यांचा दिवस सुरू झालेला कळायचा.

संध्याकाळी ते खुर्ची घेऊन मांडवाच्या कडेला बसत. कडक उन्हाळ्यात मधमाशा दिसेनाशा होत, तेव्हा दुधीची फुलं हातानं फळवावी लागत. दिवेलागणीला पांढरी फुलं उमलली की गोजरबाई नराचं फूल तोडून मादीच्या फुलावर हलकेच टेकवायच्या.

"यातली मादी कोणती?" दत्तोपंतांनी पहिल्यांदा विचारलं होतं.

"जिच्या मागं बारकं फळ हाय ती. नर लई येतात, त्यांचं काय. मादी उन्हाळ्यात कमी येती."

मग ते खुर्चीवरून बोट दाखवू लागले. "ती बघा, डावीकडं, पानामागं." त्यांची नजर चांगली होती. फुलं झाली की दोघं थोडा वेळ बसत. दत्तोपंत पेपरातलं काही सांगत, गोजरबाई सम्यकचं सांगत. सम्यकला वाळूजच्या एका कंपनीत नोकरी लागली होती, बजाजनगरात दोन खोल्या घेतल्या होत्या, रत्नमालाशी लग्न झालं होतं. दर महिन्याला तो मोटारसायकलवर यायचा आणि तेच म्हणायचा, "आई, चल ना आता. पत्र्याखाली किती दिवस राहशील?" गोजरबाई म्हणायच्या, "एवढा दोडका निघू दे." दोडका निघाला की कारलं असायचं.

दोन हजार सोळाचा उन्हाळा सगळ्यांत वाईट. लागोपाठ दुसरं वर्ष कोरडं गेलेलं. नळाला कधी पाचव्या, कधी सहाव्या दिवशी पाणी. टँकर गल्लीत शिरला की बायका पदर खोचून धावत. दत्तोपंत ब्याऐंशीचे झाले होते. एका बादलीत अंघोळ आणि तीच बादली वेलांना, असं त्यांचं चाललं होतं. त्या तेवढ्या पाण्यावर गोजरबाईंनी चार वेल जगवले होते, दोन दोडक्याचे, दोन दुधीचे. बाकीचा प्लॉट तडकून उघडा पडला होता.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी पाइपातून पाणी आलं नाही.

साडेसात झाले, आठ झाले. गोजरबाईंना आधी वाटलं, संपलं असेल घरातलं. पण परवाच नळ आला होता, ड्रम भरताना त्यांनी आवाज ऐकला होता. झोपले असतील म्हणावं, तर हा माणूस सहाच्या पुढं झोपणारा नव्हता. साडेआठला त्या भिंतीशी गेल्या. "साहेब," त्यांनी हाक मारली. मग मागच्या दाराशी जाऊन परत हाक मारली. दाराला आतून कडी होती. कान लावला तर आतून काहीतरी घासल्यासारखा आवाज येत होता.

समोर राहणारे नानासाहेब बँकेतून निवृत्त झालेले. गोजरबाईंनी त्यांना बोलावून आणलं. त्यांनी पहारीनं कडी उचकटली आणि ते दारातच थबकले. आत काय दिसेल याची त्यांना भीती वाटली असावी. गोजरबाई पुढं झाल्या. बारा-तेरा वर्षांत त्यांनी या घरात पाऊल टाकलेलं नव्हतं. स्वयंपाकघर ओलांडून त्या सरळ न्हाणीशी गेल्या.

दत्तोपंत फरशीवर आडवे होते. खुबा मोडला होता, डोळे उघडे होते. मागं नानासाहेब ॲम्ब्युलन्ससाठी फोन लावत होते. अंगावर पंचा होता तो एका हातानं धरून ठेवलेला. गोजरबाईंनी दोरीवरचं धोतर ओढून त्यांच्या अंगावर घातलं आणि शेजारी बसल्या. "मी हाय, साहेब. गाडी येऊ लागली." त्यांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. दत्तोपंतांनी पाणी मागितलं, ते त्यांनी तांब्यानं पाजलं.

स्ट्रेचरवरून नेताना त्यांनी गोजरबाईंकडं मान वळवली. "बादली तशीच भरलेली आहे," ते म्हणाले. "ओतून टाका वेलांना."

गोजरबाईंनी ती बादली दुपारी दोडक्याला घातली. पाणी न्हाणीतल्या गारव्यानं अजून थंड होतं.

हिमांशू दुसऱ्या दिवशी आला. ऑपरेशन झालं, पंधरा दिवसांनी तो वडिलांना पुण्याला घेऊन गेला. महिना सरायच्या आत परत येऊन त्यानं घर आणि प्लॉट दोन्ही एका बिल्डरला दिल्याचं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. प्लॉटवर उभा राहून तो अवघडल्यासारखा बोलत होता.

"मावशी, बाबा आता इथं एकटे राहू शकणार नाहीत. मी तरी काय करू?"

"बराबर हाय," गोजरबाई म्हणाल्या. "दुधीला चार कळ्या हायत. पंधरा दिस मिळतील का?"

"मशीन सोमवारी येणार आहे, मावशी." मग जाता जाता तो थांबला. "बाबा तुम्हाला फोन करतील. त्यांच्यापुढं प्लॉटचा विषय नका काढू. त्यांना त्रास होतो."

सोमवारच्या आधीच सम्यक टेम्पो घेऊन आला. पत्रे भंगारात दिले. मशीन आलं तेव्हा गोजरबाई तिथं नव्हत्या. त्यांनी नंतर त्याबद्दल कुणाला विचारलंही नाही.

बजाजनगरातली खोली दुसऱ्या मजल्यावर होती. सम्यक आणि रत्नमाला दोघंही शिफ्टला जायचे, तिची पॅकिंगच्या कामाची शिफ्ट आणि त्याची यांचा मेळ बसत नसे. कुणीतरी एक कायम झोपलेलं असायचं, म्हणून आवाज करायचा नाही. गोजरबाई पंखा चालू करून बसत. खाली रस्त्यावरून कामगारांच्या बस जात, त्यांच्याकडं बघत. दोघंही मायेनं वागत. रत्नमाला आपल्या आधी त्यांचं ताट वाढायची. पण घरात बोलणं म्हणजे डबा, शिफ्ट आणि पाणी कधी येणार एवढंच.

पहिल्या रविवारी अकरा वाजता त्यांचा बटणांचा फोन वाजला.

"गोजरबाई, दत्तोपंत बोलतोय." आवाज बारीक झाला होता. "दुधी धरला का?"

प्लॉट नाही, असं त्या सांगणारच होत्या. पण हिमांशूचे शब्द आठवले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला सांगितलेलंच नाही. एकदम ऐकलं तर धसका घेईल.

"धरला," त्या म्हणाल्या. "तीन धरलेत."

"आणि चौथी कळी?"

"ती गळाली. लई ऊन हाय."

"बरं," दत्तोपंत म्हणाले. फोन ठेवल्यावर गोजरबाईंनी तो उशीखाली सारला. आयुष्यात त्यांनी कुणाला फसवलं नव्हतं, भाजी मापात कमी दिली नव्हती.

पुढच्या रविवारी परत फोन आला, त्याच्या पुढच्याही. वेलाला एका जागी थांबवता येत नाही. या रविवारी फळ धरलं असेल, तर दोन आठवड्यांनी ते तोडायला यायलाच हवं. गोजरबाईंना हा हिशेब शिकायची गरज नव्हती, तीस वर्षं त्यांनी तोच पाहिला होता. तरी आठवडाभर मनात जुळवाजुळव चालायची. गवारीचं बी टोचलं म्हटलंय, म्हणजे आता दोन पानांवर आली असेल. पाऊस लागला, म्हणजे काकडी लावायला हवी. ऑगस्टात हवा दमट झाली तेव्हा दत्तोपंतांनीच विचारलं, "पानांवर पांढरी भुरी आली असेल ना?"

"आलीय. ताकाचं पाणी मारलं."

"आंबट ताक घेतलंत ना? मागच्या वेळी गोड होतं, उपयोग झाला नाही."

"व्हय. यंदा आंबटच घेतलं."

निदान काहीतरी खरं असावं म्हणून त्यांनी सम्यककडून रंगाचे तीन रिकामे डबे मागवले. गॅलरीत दोनात भेंडी आणि एकात चवळी लावली. भेंडीबद्दल सांगताना त्यांचा आवाज मोकळा होई. बाकीचं सांगताना त्या शब्द मोजून बोलत. सांगणं मात्र त्यांना हवंसं वाटू लागलं होतं. रविवारचा अर्धा तास सोडला, तर आठवडाभर त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. आणि ज्या एका माणसाशी त्या बोलत होत्या, त्याच्याशी नसलेल्या जागेतून बोलत होत्या. फोन ठेवला की आधीपेक्षा जास्त एकटं वाटायचं.

ऑक्टोबरात एका रविवारी दत्तोपंतांना मध्येमध्ये खोकला येत होता. दोडक्याचं ऐकून झाल्यावर त्यांनी पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाले, "तुम्ही सांगता ना, तेव्हा मला मांडवाखालचा तो ओला वास येतो. इथं सातव्या मजल्यावर."

हातातला फोन गोजरबाईंनी दुसऱ्या कानाला लावला.

"साहेब, मांडव नाय राहिला," त्या म्हणाल्या. "जूनच्या आधीच गेला. तुमचं घर बी गेलं. मी बजाजनगरला पोराकडं असते. इतके दिवस मी तुम्हांला खोटं सांगितलं."

"मला माहीत आहे," दत्तोपंत म्हणाले. "प्लॉट माझ्या नावावर होता, गोजरबाई. रजिस्ट्रीत जन्म गेला माझा. माझ्या सहीशिवाय तो विकला कसा जाईल? हॉस्पिटलातून निघालो त्याच आठवड्यात मी सही केली."

"मंग इचारत काऊन व्हता?"

"पहिल्या दिवशी सांगायलाच फोन केला होता. तुम्हाला न विचारता सही केली, हे सांगायचं होतं. धीर झाला नाही. म्हणून दुधीचं विचारलं. तुम्ही म्हणालात, तीन धरले." ते खोकले. "मग मला ऐकावंसं वाटलं."

गोजरबाईंनी फोन ठेवून दिला. त्यांना राग आला होता. चार महिने त्यांनी जिवाला घोर लावून घेतला होता, आणि तिकडं बसून हा माणूस सगळं जाणून ऐकत होता. त्यांना वाटलं, आपण वेड्या ठरलो. पुढच्या रविवारी फोन वाजत राहिला, त्यांनी उचलला नाही. रत्नमाला म्हणाली, "आत्याबाई, फोन." त्या म्हणाल्या, "वाजू दे."

त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी उचलला.

"गोजरबाई," दत्तोपंत म्हणाले, "आता खरं काय आहे ते सांगा."

"तीन डबे हायत. दोनात भेंडी, एकात चवळी."

"भेंडी किती निघते?"

"दोन दिवसाला चार. एकाच्या भाजीपुरती बी नाय."

"आणि चवळी?"

"मावा पडलाय, पानं चिकट झालीत."

खरं तेवढंच होतं, त्यामुळं बोलणंही थोडंच झालं. आधी अर्धा तास लागायचा, आता पाच मिनिटांत संपायचं. तरी दत्तोपंत रविवार चुकवत नसत. कधी दोघंही नुसते फोन धरून बसत. पलीकडं टीव्हीचा आवाज, नातीचा, मनस्विनीचा आवाज ऐकू येई. एकदा दत्तोपंत म्हणाले, "कुणाला सांगता येत नाही हो, पण माझ्या अंघोळीचं पाणी इथं नुसतं वाहून जातं." गोजरबाई म्हणाल्या, "माझं बी." आणि फोन ठेवला.

जानेवारीत दोन रविवार फोन आला नाही. गोजरबाईंनी सम्यककडून नंबर लावून घेतला, तेव्हा हिमांशूच्या बायकोनं, चारुतानं, उचलला. दत्तोपंत दहा दिवसांपूर्वी गेले होते. "धावपळीत तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं, मावशी," ती म्हणाली. तिचा आवाज खरोखर ओशाळला होता. गोजरबाईंनी कसे गेले, त्रास झाला का, एवढं विचारलं. झोपेतच गेले, असं ती म्हणाली.

सम्यकनं विचारलं, "आई, पुण्याला जायचंय का? मी सुट्टी टाकतो."

"आता जाऊन काय करू?" त्या म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी जेवण केलं, भांडी घासली, दुपारी थोड्या पडल्या. डोळ्यांत पाणी आलं ते चार दिवसांनी. बाजारात एका बाईच्या टोपलीत दोडके होते, जून झालेले, शिरा टणक. बाई म्हणाली, कोवळे आहेत. गोजरबाई तिथंच उभ्या राहिल्या. पदरानं तोंड पुसून त्या काही न घेता परत आल्या.

उन्हाळा आला तशी त्यांनी गॅलरीत डबे वाढवले. खालच्या मजल्यावरची बाई पाणी गळतं म्हणून भांडून गेली, तेव्हा डब्यांखाली ताटल्या ठेवल्या. गॅलरीच्या लोखंडी जंगल्यावरून दुधीचा एक वेल चढवला. त्याला नराचीच फुलं आली, ढीगभर. मादीचं एक आलं ते मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, जंगल्याच्या बाहेरच्या अंगाला. गोजरबाईंनी गजांतून हात घालून ते फळवलं.

रत्नमाला पहिल्या शिफ्टवरून परत येऊन चप्पल न काढताच दाराशी भिंतीला टेकून बसली होती. गोजरबाई तिच्याकडं वळल्या. "आज एक मादी आली बघ," त्या म्हणाल्या. "एवढ्या उन्हात येत नाय सहसा. आता दोन दिसांत कळंल धरलं का ते. मान खाली घातली तर धरलं म्हणायचं, पिवळं पडलं तर..."

रत्नमालाची मान कलली होती. तिचा डोळा लागला होता.

गोजरबाईंनी वाक्य पुरं केलं. मग तिच्या पायातली चप्पल हळूच काढून बाजूला ठेवली, टेबलपंखा तिच्याकडं वळवला आणि पीठ मळायला बसल्या.